आजीचे गाणे कोठे गेले?

प्रभात फिल्म कंपनीचा ‘माणूस’ हा चित्रपट १९३९ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. आपल्यापैकी जे वाचक आज ऐंशी-पंचाऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या जन्माआधीचा हा चित्रपट. तरीही पुढे कधी गावच्या जत्रेतील तंबूत, कधी दूरदर्शनवर तो अनेकांनी पाहिला असेल. त्यातील पोलीस शिपाई गणपतची भूमिका करणारे शाहू मोडक हे आपल्या नगरचे. १९१८ साली येथील एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे पडद्यावरचा कृष्ण म्हणून आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मधील ज्ञानेश्वर म्हणून ते घरोघरी पोहोचले. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या नेवाशाच्या जिल्ह्यातील मुलाने पडद्यावर ज्ञानेश्वर व्हावे, याचे अप्रूप आमच्या भागातील जुन्या माणसांना अजूनही वाटते.

परंतु आज आपल्याशी बोलायचे आहे ते मोडकांविषयी नव्हे. ‘माणूस’मधील मैनेविषयी, ती साकारणाऱ्या शांता हुबळीकर यांच्याविषयी, आणि माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका आजींविषयी. या तिघींच्या आयुष्यात फारसे साम्य नाही. मात्र तिघीही गाणाऱ्या होत्या, आणि तिघींच्याही आयुष्यात असा काळ आला की आपण कोण आहोत, हे त्यांना नव्याने शोधावे लागले. आरोग्याच्या पाक्षिकात चित्रपटाची कथा कशासाठी, असे आपल्याला वाटेल. थोडा धीर धरावा. कथेची वाट आपल्या घरातील वृद्धांच्या खोलीपर्यंतच जाते.

मैना आणि शांताबाई

‘माणूस’ची कथा थोडक्यात अशी. एका धाडीत गणपत मैनेला वाचवतो. ती पोटासाठी देह विकणारी, गिऱ्हाइकांपुढे गाणारी स्त्री. दोघांत प्रेम निर्माण होते. तो तिला आपल्या भाविक आईकडे घेऊन जातो. आईला मुलगी आवडते. पण त्या देवघरासमोर उभे राहण्याची आपली योग्यता नाही, असे मैनेलाच वाटते आणि ती निघून जाते. पुढे छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो. गणपत तिला तुरुंगातून सोडवू पाहतो, परंतु ती पळून जाण्यास नकार देते. उद्ध्वस्त झालेला गणपत अखेर जीव न देता कामावर परततो. प्रेमभंग झाला म्हणून दारूत बुडून मरणाऱ्या ‘देवदास’ला शांताराम यांनी दिलेले हे उत्तर होते, असे मानले जाते.

याच चित्रपटात मैना ‘कशाला उद्याची बात’ हे गाणे म्हणते. अनंत काणेकरांचे शब्द आणि मास्टर कृष्णरावांची चाल. समोर निरनिराळ्या प्रांतांतील गिऱ्हाइके बसलेली असतात आणि ती त्यांच्या त्यांच्या भाषांतून गात जाते. उद्याची चिंता करू नका, असे ती सर्वांना सांगते. तिच्या स्वतःच्या उद्याविषयी मात्र कोणी तिला विचारत नाही. अलीकडे हा प्रसंग पुन्हा पाहताना मला हीच गोष्ट जाणवली. ती इतक्या जणांच्या भाषेत गाते; तिची स्वतःची भाषा कोणती, हे त्या मैफिलीत कोणालाच ठाऊक नसते.

शांता हुबळीकर यांची स्वतःची भाषा कन्नड होती. १९१४ साली हुबळीजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव राजम्मा. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. गळा चांगला होता. त्या गळ्याने त्यांना घराबाहेर काढले आणि चित्रपटांपर्यंत नेले. ‘माणूस’च्या आदल्या वर्षी, १९३८ साली आलेल्या ‘माझा मुलगा’मध्येही त्या शाहू मोडकांबरोबर होत्या. त्या काळी पडद्यावर दिसणाऱ्या नटीला बहुधा स्वतःच गावे लागे. त्यामुळे ‘कशाला उद्याची बात’ ऐकताना आपण शांताबाईंचाच आवाज ऐकत असतो. ‘माणूस’ने त्यांना मोठी कीर्ती दिली. नंतर विवाह झाला, चित्रपट कमी होत गेले आणि ते नाव हळूहळू लोकांच्या ओठांवरून उतरले. उतारवयात घरापासून दूर, वृद्ध स्त्रियांसाठी असलेल्या आश्रमात राहण्याची वेळ त्यांच्यावर आली.

आणि मग, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी आपली कहाणी सांगितली. १९९० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘कशाला उद्याची बात’. अर्धशतकापूर्वी दुसऱ्याने लिहिलेले, तिसऱ्याने चाल दिलेले आणि एका पात्राच्या तोंडी घातलेले ते शब्द त्यांनी स्वतःच्या आयुष्याचे शीर्षक म्हणून परत मागून घेतले. १९९२ साली त्या गेल्या. त्याआधी दोन वर्षे त्यांच्या हाती स्वतःचे पुस्तक होते. मैनेला जे साधले नाही, ते शांताबाईंना साधले, असे मला वाटते.

‘वयोमानानुसार’ हा माझा शब्द

आता आमच्या आजींकडे वळू. त्यांची ओळख पटू नये, म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी नेवासे तालुक्यातील एका वस्तीवरून त्यांची सून त्यांना घेऊन आली. वय चौऱ्याऐंशी. “आत्याबाई बोलतच नाहीत, डॉक्टरसाहेब. जेवणात लक्ष नाही. विचारलं तर भलतंच उत्तर देतात.” मी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, शक्तीचे औषध लिहिले आणि कागदावर शेरा मारला: वयोमानानुसार. पुढच्या महिन्यात त्या पुन्हा आल्या. मी पुन्हा तेच लिहिले.

तिसऱ्या खेपेला दवाखान्यात गर्दी नव्हती. मी सहज सुनेला विचारले, “आजी पूर्वी काय काय करायच्या?” सून म्हणाली, “जात्यावर ओव्या म्हणायच्या. स्वतः जुळवायच्या. गावातल्या लग्नाची हळद दळायची असली की यांनाच बोलावणं. गिरणी आली, जातं पडवीत गेलं, मग बंदच झालं.” मी आजींच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हटले, “आजी, एखादी ओवी म्हणता का?” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “सरलं आता ते.”

वाचकहो, तीन महिन्यांत त्यांनी मला दिलेले हे पहिले नीट उत्तर होते. प्रश्न ऐकू आला होता, समजला होता आणि त्याचे उत्तरही नेमके होते. ‘वयोमानानुसार’ हा शेरा खोडून मी त्यांना पहिल्यापासून तपासायला घेतले.

दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. सर्दीसाठी म्हणून मेडिकलमधून आणलेली एक गोळी त्या कित्येक महिने रोज रात्री घेत होत्या. अशा काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते आणि गोंधळल्यासारखे होते. औषधांची पिशवी आणायला सांगणे हे माझे पहिल्याच दिवशीचे काम होते. ते मी केले नव्हते, याची खंत मला आहे. उदासीनतेविषयीच्या दोन साध्या प्रश्नांनाही त्यांचे उत्तर ‘हो’ असेच आले.

कान साफ झाले, बी-१२ची इंजेक्शने सुरू झाली, ती गोळी थांबवली. त्याबरोबर सुनेला मी आणखी एक काम सांगितले: रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे वही घेऊन आजींजवळ बसायचे आणि त्यांची एखादी ओवी आठवेल तशी आपणच म्हणायची. ओवी म्हणा, असा आग्रह आजींना करायचा नाही. पहिला आठवडा काहीच घडले नाही. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी सुनेने ओवीतील एक शब्द चुकवला आणि आजी उसळून म्हणाल्या, “तसं नाही गं!” मग त्यांनी तो शब्द नीट करून दिला.

एवढेच घडले. आजी तरुण झाल्या नाहीत. आजही नाव विसरतात, औषधे घ्यायची राहतात. यातील कशाचा किती गुण आला, हेही मला वेगळे काढून सांगता येणार नाही. परंतु त्या दिवसापासून घरात त्यांचे एक काम ठरले: शब्द चुकला की सांगायचे. वहीत आता साठाहून अधिक ओव्या आहेत. पहिल्या पानावर सुनेने आजींचे पूर्ण नाव लिहिले आहे, रचणारी म्हणून.

अशा रचणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्रात किती होत्या, याची थोडी कल्पना आपल्याला गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या कामामुळे आली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या प्रत्येक ओवीमागे कोणीतरी एक बाई आहे. आपल्या घरातही ती असू शकते.

गाणे मागे का राहते?

स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या प्रकारात मेंदूतील ‘हिप्पोकॅम्पस’ या भागाला बहुधा सुरुवातीलाच इजा होते. नव्या आठवणी साठवण्याचे काम मुख्यतः तेथे चालते. म्हणून सकाळचे जेवण विसरले जाते. गाण्याची आठवण मात्र एकाच कप्प्यात नसते. सूर, ताल, शब्द, त्या वेळची भावना, टाळीची किंवा जाते ओढण्याची हालचाल हे सारे मेंदूच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेले असते. त्यातील बरेच भाग उशिरापर्यंत शाबूत राहतात. म्हणून मुलाचे नाव न आठवणारे आजोबा हरिपाठ मात्र न अडखळता म्हणतात. ते सोंग करीत आहेत, असे कृपया समजू नका.

आणखी एक गोष्ट. माणसाला उतारवयात सर्वांत ठळकपणे आठवतो तो साधारण दहा ते तीस या वयातील काळ. त्यामुळे घरातील वृद्धांसाठी गाणी निवडताना हे गणित करून पाहावे. जन्म १९४० चा असेल, तर १९५० ते १९७० या काळातील गाणी शोधावीत. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. कोणाला गीतरामायण भावेल, कोणाला भारूड, कोणाला लावणी, कोणाला चर्चमधील उपासनेची गीते, कोणाला कव्वाली किंवा भीमगीते. आपल्याला जे शोभेल असे वाटते ते नव्हे, त्यांना जे आवडत होते ते लावावे.

आपल्या अपेक्षा मात्र मर्यादित असाव्यात. संगीताने स्मृतिभ्रंश बरा होत नाही आणि त्याची वाटचालही थांबत नाही. मन थोडे हलके होते, अस्वस्थता काहींच्या बाबतीत कमी होते, आणि घरच्या माणसांना त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी एक दार मिळते. चालू असलेले कोणतेही औषध गाण्याच्या भरवशावर बंद करू नये.

घरी काय करावे?

१. आधी कान तपासून घ्यावेत. मळ असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्यावा. काडी किंवा गरम तेल घालू नये. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा विचार करावा. मध्यम वयापासून कमी ऐकू येणे हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या प्रमुख कारणांपैकी एक मानले जाते.

२. दिवसातून एकदा-दोनदा, वीस ते तीस मिनिटे गाणी लावावीत. दिवसभर आवाज चालू राहिला तर त्याचा त्रासच होतो. त्या वेळी दूरचित्रवाणी बंद असावी. आंघोळ किंवा कपडे बदलणे यांसारख्या कुरबुरीच्या वेळेआधी लावलेले ओळखीचे गाणे उपयोगी पडू शकते.

३. परीक्षा घेऊ नये. “सांगा पाहू, हे कोणाचे गाणे?” या प्रश्नाने विसरलेल्या माणसाला अपमान वाटतो. आपणच गुणगुणावे. चुकले तरी चालेल. चूक दुरुस्त करण्याचा मान त्यांना मिळू द्यावा.

४. चेहऱ्याकडे लक्ष असावे. डोळ्यांत पाणी आले म्हणजे लगेच बंद करावे असे नाही. काही अश्रू सुखाचे असतात. परंतु चेहरा आक्रसला, हात झटकले, उठून जाऊ लागले, तर ते गाणे पुन्हा लावू नये. त्यामागे एखादे जुने दुःख असू शकते.

५. लिहून ठेवावे किंवा मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे, त्यांची परवानगी घेऊन. ओव्या, पाककृती, शेतीच्या खुणा, नोकरीतील हकिकती, काहीही चालेल. नाव त्यांचेच घालावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन-चार दिवसांत एकाएकी गोंधळ वाढला, झोप उलटसुलट झाली, भास होऊ लागले, तर ते वार्धक्य समजून घरी थांबू नये. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातील पाणी वा सोडियम कमी होणे, नवे औषध, डोक्याला लागलेला मार ही कारणे असू शकतात आणि त्यांवर वेळीच उपचार होतात. तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे असे काही अचानक झाले, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

विसरणे सावकाश वाढत असेल, तर थायरॉइड, बी-१२, साखर, हिमोग्लोबिन यांच्या तपासण्या कराव्यात आणि घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा. शिवाय दोन प्रश्न आपण स्वतः विचारू शकता. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास वाटते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत आता रस वाटत नाही का? यांपैकी एकालाही ‘हो’ असे उत्तर आले, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. “सरलं आता ते” हे वाक्य मला आता या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाटते. वृद्धापकाळातील उदासीनता हा उपचार होणारा आजार आहे.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न आणखी एका कारणाने अवघड होतो. ऊसतोडीच्या हंगामात पाथर्डी-शेवगावकडील कित्येक वाड्या-वस्त्यांवर घरी म्हातारी माणसे आणि मुलेच उरतात. इतरत्र तरुण पुण्या-मुंबईला गेलेले असतात. अशा घरांतील ज्येष्ठांसाठी १४५६७ ही केंद्र सरकारची एल्डरलाइन आहे. मन खचले असेल, तर १४४१६ या टेलिमानस सेवेवर ज्येष्ठांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही निःशुल्क बोलता येते. आश्रमात ठेवणे हे नेहमीच टाकून देणे नसते. परिस्थितीच तशी असू शकते. मात्र तेथे कपडे आणि गोळ्यांबरोबर एक कागद अवश्य द्यावा: ही व्यक्ती कोण होती, काय करीत होती, तिला कोणती गाणी आवडतात. शुश्रूषा करणाऱ्यांच्या दृष्टीने समोरच्या खाटेवर मग केवळ एक रुग्ण राहत नाही.

शुश्रूषा करणारीचेही गाणे

त्या आजींच्या सुनेला मी एकदा विचारले, “तुम्हाला स्वतःला गायला आवडते का?” ती हसली, म्हणाली, “मला कुठला वेळ, साहेब?” तिचेही वय अठ्ठावन्न आहे, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. काळजी घेणाऱ्यांचे असे उत्तर ऐकले की मला पुढच्या वीस वर्षांची धास्ती वाटते. आज तिने स्वतःचे गाणे पडवीत ठेवले, तर उद्या तीही म्हणेल, सरलं आता ते. म्हणून घरातील इतरांना विनंती: आठवड्यातून एक संध्याकाळ तरी वृद्धांजवळ दुसऱ्या कोणीतरी बसावे आणि तिला मोकळे करावे. ती त्या वेळात भजनी मंडळात जाईल, शेजारणीकडे बसेल किंवा नुसती झोपेल. तो वेळ तिचा असावा.

‘माणूस’मधील गाणे मैनेचा दिवस ढकलण्यासाठी होते. शांताबाईंनी तेच शब्द उतारवयात आपल्या पुस्तकावर घातले, तेव्हा त्यांचा अर्थ बदलला. मला तो असा लागतो: उद्या काय विसरेल, याचा घोर आज कशाला? आज जे आठवते आहे ते आज ऐकून घ्यावे. आपल्या घरात कोणी ज्येष्ठ असतील, तर आज संध्याकाळी पंधरा मिनिटे त्यांच्याजवळ बसा. आणि आपण स्वतःच ज्येष्ठ असाल, तर कोणी विचारण्याची वाट न पाहता नातवाला हाक मारा, वही आणायला सांगा आणि पहिल्या पानावर आधी आपले पूर्ण नाव लिहवून घ्या.